पॅरिसच्या जुळारणींच्या मागावर

"तुम्ही भारतातून आलात ना? मग भारतावरच काम का नाही केलंत?" फ्रान्समध्ये हा प्रश्न मला घरमालकिणीनं विचारलाय, परिसंवादात जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या प्राध्यापकांनी विचारलाय, आणि नोकरीच्या निवड समितीनं तर आडवळणानं का होईना, पण हमखास विचारलाय. विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते. तरी गंमत बघा. अमेरिकन माणसानं फ्रान्सचा इतिहास लिहिला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीनं जर्मनांशी कसं हातात हात घालून काम केलं हे १९७२ साली सविस्तर लिहिलं ते रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकनानं. फ्रेंच स्त्रीवादाचा इतिहास म्हटलं की जोन स्कॉट या अमेरिकन बाईंचं नाव पहिल्या दमात घेतलं जातं. सांगलीची बाई त्याच वाटेनं गेली की मात्र तिच्याकडे खुलासा मागतात.

माझा खुलासा अगदी साधा आहे. पॅरिसच्या छापखान्यांत खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या बायका, जुळारणी, हा विषय मला आवडला. आता नुसत्या आवडीवर फ्रान्समध्ये कोणी विद्यापीठात कायम करत नाही, त्यामुळे मधे बरंच रामायण घडलं. ते इथे सांगते.

फ्रेंच मी शिकले ती पोटापाण्यासाठी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला संध्याकाळचे वर्ग केले. वर्गात निम्मे लोक कॅनडाच्या पीआरसाठी आलेले, उरलेल्यांत माझ्यासारख्या, ज्यांना शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी हवी होती. ती मिळालीही. शाळेच्या पुस्तकातला फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर, पाव, चीज आणि स्वातंत्र्य-समता-बंधुता. मुलांच्या एका प्रश्नमंजूषेसाठी तारखा जमवत होते, तेव्हा दिसलं की फ्रेंच स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला २१ एप्रिल १९४४ च्या वटहुकमानं, आणि त्यांनी पहिलं मत टाकलं ते १९४५ च्या एप्रिलमध्ये, नगरपालिकेच्या निवडणुकीत. आपल्या मुंबई इलाख्यात १९२१ सालीच बायकांना मत मिळालं होतं. मूठभर, मालमत्ता असलेल्या बायकांनाच, पण मिळालं होतं. म्हणजे गिरगावातली एखादी घरमालकीण मत देऊन घरी येत होती तेव्हा मारी क्युरींना, दोन नोबेल पारितोषिकं गाठीशी असूनही, तो अधिकार नव्हता. पुढे आणखी वाचत गेले. लग्न झालेल्या फ्रेंच बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरता येईल आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडता येईल, हा कायदा झाला १९६५ मध्ये. क्रांती १७८९ ची, आणि हे १९६५! ज्या देशाचे गोडवे मी रोज तासाला गात होते त्याच्या पोटात हे सगळं होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण त्या फ्रेंच बायकांचं तुला काय पडलंय? आपल्याकडे कमी आहे का?" कमी नाही. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली १८८२ मध्ये, आणि स्त्री-अभ्यासाचं केंद्र मुंबईच्या एसएनडीटीत १९७४ मध्येच उभं राहिलं होतं. लेखिका एलेन सिझू यांनी पॅरिसजवळच्या व्हँसेन विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं केंद्र काढलं ते त्याच साली. त्याच्या आदल्या वर्षी इतिहासकार मिशेल पेरो आणि त्यांच्या दोन सहकारी 'स्त्रियांना इतिहास असतो का?' या नावाचा अभ्यासक्रम पॅरिसमध्ये शिकवायला लागल्या होत्या. म्हणजे मुंबई आणि पॅरिस, दोन्हीकडे बायका एकाच सुमाराला दार ठोठावत होत्या. मला त्यातलं पॅरिसचं दार जवळचं वाटलं, कारण भाषा हातात होती आणि कुतूहल होतं.

पॅरिसला एम.ए.चं दुसरं वर्ष केलं आणि मग पीएच.डी. आपल्याकडे गाइड मिळाला की अर्धी लढाई जिंकली असं मानतात. तिथे गाइड मिळणं ही फक्त सुरुवात. पगार गाइडच्या हातात नसतो. डॉक्टरेटची वेगळी शाळा असते, ती दरवर्षी मोजक्या जणांना तीन वर्षांचा पगारी करार देते, आणि त्यासाठी समितीसमोर आपला विषय मांडावा लागतो. करार मिळाला तर तुम्ही विद्यापीठाचे नोकर, सुट्ट्या आणि सोशल सिक्युरिटीसकट. नाही मिळाला तर इतिहासात पीएच.डी. करणारे निम्मे लोक करतात तसं शिकवण्या, हॉटेलातलं रिसेप्शन, मुलं सांभाळणं करत प्रबंध लिहायचा. फी मात्र नगण्य, वर्षाला चारशे युरोंच्या आतबाहेर. २०१९ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वेगळी फी लावली, तेव्हा बी.ए.साठी २,७७० आणि एम.ए.साठी ३,७७० युरो. बरीच विद्यापीठं ती माफ करतात आणि पीएच.डी.ला ती लागूच नाही, पण येणाऱ्यानं आधी चौकशी केलेली बरी.

माझी सुरुवात झाली २०१३ मध्ये. मुहूर्त बघा कसला सापडला. मे महिन्यात समलिंगी विवाहाचा कायदा झाला होता आणि त्याविरुद्ध पॅरिसच्या रस्त्यांवर लाखांचे मोर्चे निघून गेले होते. लगेच अफवा उठली की सरकार शाळेत 'लिंगभावाचा (जेंडरचा) सिद्धान्त' शिकवून मुलांना मुली आणि मुलींना मुलगे करणार आहे. २०१४ च्या जानेवारीत आईबापांना मोबाइलवर निरोप गेले, मुलांना एक दिवस शाळेत पाठवू नका, आणि खरोखरच बऱ्याच जणांनी ठेवली मुलं घरी. समानतेचे साधे धडे होते ते, 'आबेसेदे' म्हणजे आपल्याकडच्या 'अआइई'च्या धर्तीवर नाव दिलेले. सरकारनं त्याच उन्हाळ्यात ते गुंडाळले. त्या दिवसांत शेजारच्या आजींनी विषय विचारला की मी सांगायचे, "छापखान्यांचा इतिहास." हे खोटं नव्हतंच.

कारण विषय होता 'ला फ्रोंद'. ९ डिसेंबर १८९७ ला पॅरिसमध्ये निघालेलं रोजचं वर्तमानपत्र. संपादक, बातमीदार, हिशेबनीस, खिळे जुळवणाऱ्या, सगळ्या बायका. काढलं मार्गरित द्युराँ या बाईनं. आधी कॉमेदी-फ्रांसेझ या नाट्यगृहात नटी, मग पत्रकार. १८९६ मध्ये 'फिगारो' या वर्तमानपत्रानं तिला एका स्त्रीवादी परिषदेची टिंगल करणारा लेख लिहायला पाठवलं आणि ती तिथूनच पक्ष बदलून आली. पुढे १९१० च्या निवडणुकीत उभं राहण्याचा प्रयत्न केला तेव्हा पाळलेली सिंहीण घेऊन मिरवली. सिंहिणीचं नाव, 'टायगर'. स्त्रीवादावर माझ्या सोनेरी केसांचे किती उपकार आहेत हे त्याला कधी कळणार नाही, असं ती म्हणाल्याचं सांगतात. विरोधकांनी पत्राला हिणवलं, 'परकर नेसलेला ल ताँ'. ल ताँ म्हणजे तेव्हाचं सगळ्यात भारदस्त पत्र, त्यामुळे मला तरी ही शिवी कमी आणि प्रशस्तिपत्रच जास्त वाटतं. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला, त्या प्रकरणात ते ठामपणे द्रेफ्यूसच्या बाजूनं होतं. १८९९ मध्ये रेन शहरात चाललेल्या त्याच्या खटल्याचे पत्रकार सेव्हरीनचे वृत्तान्त आजही वाचावेसे वाटतात. पहिल्या पानाच्या माथ्यावर तारीख छापलेली असायची ती वेगवेगळ्या पंचांगांप्रमाणे: नेहमीची, क्रांतीच्या काळातली, रशियन, ज्यू. पहिल्यांदा अंक उघडला तेव्हा मला थेट कालनिर्णय आठवलं.

'ला फ्रोंद'चे अंक आता फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. पण पत्रं, हिशेब, कात्रणं, फोटो बघायचे तर तेराव्या विभागातल्या रू नास्योनालवर जावं लागतं. द्युराँनं आपला सगळा संग्रह १९३१ मध्ये पॅरिस शहराला देऊन टाकला, त्यातून तिच्या नावाचं ग्रंथालय उभं राहिलं. आधी ते पाचव्या विभागाच्या नगरपालिकेत होतं, १९८९ पासून इथे, एका सार्वजनिक वाचनालयाच्याच इमारतीत. खाली मुलं कॉमिक्स वाचत लोळत असतात, वर आपण पेन्सिल घेऊन बसायचं. पेनला बंदी. बाहेर आलं की चिनी आणि व्हिएतनामी दुकानं, आणि तिथे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कधी कधी कढीपत्ताही मिळतो. माझं संशोधन आणि माझी भाजी एकाच फेरीत व्हायची.

तिथे बसून मी ठरवलं की लेखिकांवर काम करायचं नाही. लेखिकांवर बरंच झालंय. मला त्या खिळे जुळवणाऱ्या बायका हव्या होत्या, ज्यांची नावं पत्रात क्वचितच येतात.

याला कारण आमचे काका. सांगलीत त्यांचा छोटा छापखाना होता. ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, गणेशोत्सवाची हँडबिलं. दोन जुळारी होते आणि काका स्वतः. मी लहानपणी तिथे पडीक असायचे. देवनागरीच्या खिळ्यांना खण किती लागतात! काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं. जुळाऱ्याला आजूबाजूच्या पेट्यांकडे सारखं वळावं लागतं. एक मजकूर छापून झाला की तो मोडायचा आणि एकेक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. दुपारी जेवणं आटपली की हे काम काकू करायच्या, भांडी घासून झाल्यावर, त्याच ओल्या पदराला हात पुसून. बोटं काळी व्हायची. त्यांना खिळा हातात घेताच कळायचं 'घ' आहे की 'ध', न बघता. पगाराच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. असणार तरी कसं?

पॅरिसच्या कागदांत जुळारणींच्या मजुरीचे वाद वाचताना हे सारखं आठवत होतं. मजुरी हजार अक्षरांमागे ठरायची. बायकांना त्याच हजार अक्षरांचे पुरुषांपेक्षा कमी पैसे मिळायचे, आणि म्हणून मुद्रण-कामगारांच्या महासंघाला त्या नको होत्या: बायका आल्या की मजुरी पडते. द्युराँनं आपल्या जुळारणींना पुरुषांइतकी मजुरी दिली, म्हणजे हा आक्षेप तिथे निकालात निघायला हवा होता. तो निघाला नाही. मग म्हणू लागले, शिसं बायकांच्या तब्येतीला वाईट, फर्मे, म्हणजे जुळवलेल्या पानांच्या चौकटी, जड असतात, उचलवत नाहीत. जड असतात खरे, मी उचलून बघितलेत. पण पुरुष जुळारी तरी ते एकटे कुठे उचलत होते?

इथे मला माझा प्रश्न सापडला: खिळे परत कोण टाकत होतं? अक्षरांवर मजुरी घेणाऱ्या जुळाऱ्याला खिळे परत टाकण्याचे वेगळे पैसे नसायचे, ते त्या हजाराच्या दरातच धरलेले. म्हणजे जो वेळ त्यात गेला तो फुकट. ते काम दुसऱ्या कुणाकडून, पोरांकडून किंवा बायकांकडून करून घेतलं, तर जुळाऱ्याची दिवसाची कमाई वाढते. 'बाई सावकाश जुळवते' असं जेव्हा एखादा छापखानेवाला लिहितो तेव्हा तिच्या तासांत हे परत टाकणं धरलंय की नाही, हे आधी विचारायला हवं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या एका प्रश्नावर उभं राहिलं. काकूंचा उल्लेख मी तिथे एका तळटिपेत केला.

रात्रपाळीची भानगड याहून रंगतदार. २ नोव्हेंबर १८९२ च्या कायद्यानं कारखान्यांत बायकांना रात्री काम करायला बंदी केली होती, त्यांच्या भल्यासाठीच म्हणे. सकाळचं वर्तमानपत्र रात्री जुळवल्याशिवाय निघणार कसं? द्युराँवर खटले झाले. गंमत म्हणजे त्याच कायद्यातून वर्तमानपत्रांच्या घड्या घालणाऱ्या बायकांना मात्र सूट होती. घड्या घालण्याचे पैसे कमी, जुळवण्याचे जास्त. कमी पैशाच्या कामाला रात्र बाधत नव्हती!

तरी द्युराँला देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही, आणि यावरून माझे आणि माझ्या मार्गदर्शिकेचे बऱ्याचदा खटके उडाले. तिनं जुळारणींची वेगळी युनियन काढली, ठीक. पण १९०१ मध्ये नान्सी शहरात बेर्जे-लेव्रो या मुद्रणालयात पुरुष संपावर गेले तेव्हा तिथे कामाला गेल्या त्या हिच्याच युनियनच्या बायका. संप फोडला. पॅरिसच्या कामगारांनी तिच्या युनियनला कामगार-भवनातून बाहेर काढलं. आजच्या स्त्रीवादी वाचकाला ही गोष्ट अडचणीची वाटते, कामगार-चळवळीच्या वाचकाला सोयीची. मला दोघांचीही घाई पटत नाही. युनियनमध्ये घेत नाहीत, रात्री काम करू देत नाहीत, आणि मग संपात का आला नाहीत म्हणून विचारतात.

याचा पुढचा अंक लीयाँ शहरातला. १९१३ मध्ये एमा कुरियो या जुळारणीनं, जिला युनियनच्या दरानं पगार मिळत होता, युनियनमध्ये अर्ज केला. तिला नाकारलंच, वर तिच्या नवऱ्याला, लुईला, युनियनमधून काढून टाकलं. गुन्हा काय, तर बायकोला छापखान्यात काम करू दिलं. कामगारांच्या पत्रांत यावर महिनोन्‌महिने वाद पेटला. या प्रकरणाकडे मी परत येते.

मधल्या काळात इतर अभिलेखागारंही पालथी घातली. पोलिस मुख्यालयाचे जुने कागद पॅरिसलगतच्या ल प्रे-सँ-जेर्व्हेला आहेत. त्यात बायकांनी विजार घालण्याच्या परवानग्या सापडतात. पॅरिसच्या पोलिसप्रमुखाचा १८०० सालचा हुकूम होता की बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तर परवाना काढावा. चित्रकार रोझा बोनर यांना तो गुरांच्या बाजारात चित्रं काढायला जाण्यासाठी मिळाला होता. पुढे सायकलच्या हँडलला किंवा घोड्याच्या लगामाला हात असेल तर सूट मिळाली. हा हुकूम आता लागू नाही असं मंत्र्यांनी अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ च्या जानेवारीत. मी तिथे जीन्स घालून बसले होते.

आँजेच्या विद्यापीठातही गेले. तिथे २००० च्या सुमारापासून स्त्रीवादाच्या अभिलेखांचं केंद्र आहे, क्रिस्तीन बार यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. तिथला सेसिल ब्रुनश्विग यांचा संग्रह नाझींनी १९४० मध्ये पॅरिसमधून उचलून नेला, युद्धानंतर तो सोव्हिएत सैन्याच्या हाती लागून मॉस्कोला गेला, आणि साठ वर्षांनी फ्रान्सला परतला. या बाई १९३६ मध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारात उपमंत्री होत्या. उपमंत्री, पण मतदार नाही!

२०१७ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी द्युराँ ग्रंथालय हलवून दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथालयात नेऊन घालायचं ठरवलं. नाव राहील, पण स्वतंत्र जागा जाईल, असा सगळ्या वाचकांचा अंदाज होता. इतिहासकार, ग्रंथपाल, संघटना, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मीही थंडीत फलक धरून उभी राहिले. प्रबंध लिहायचे शेवटचे महिने होते, आणि माझे अर्धे कागद ज्या इमारतीत होते तिच्यासाठी ओरडायला मला कोणी वेगळं बोलवायची गरज नव्हती. पुढे तो बेत मागे घेतला गेला.

प्रबंधाची तोंडी परीक्षा तिथे जाहीर असते, कोणीही येऊन मागे बसावं. परीक्षक एकेक करून बोलतात, तुम्ही उत्तरं देता, दुपार निघून जाते. परीक्षक मंडळातल्या एका गृहस्थांनी काकूंच्या तळटिपेवर बोट ठेवलं. म्हणाले, प्रबंधातली ही सगळ्यात सुंदर जागा आहे, हिचं प्रकरण व्हायला हवं होतं. सांगली आणि पॅरिस, अशी तुलना. मी म्हटलं, सांगलीचे कागद मी तपासलेले नाहीत, मला फक्त काकू माहीत आहेत. खोलीत हशा झाला. खरं तर त्यामागे थोडा रागही होता. लीयाँच्या युनियनवर तीनशे पानं लिहिली, आणि लक्ष गेलं ते माझ्या गावाकडे.

परीक्षेनंतर उमेदवारानं खाऊपिऊ घालायची पद्धत आहे. मित्रमैत्रिणींनी वाइन आणि चीज आणलं, आईनं कुणाबरोबर तरी सांगलीचं भडंग पाठवलं होतं ते मी मोठ्या वाडग्यात काढलं. अध्यक्षबाई वाइनबरोबर भडंग खात उभ्या राहिल्या आणि वाडगं संपेपर्यंत हलल्या नाहीत. मार्गदर्शिकांनी त्या दिवसापासून मला अहो-जाहो करायचं सोडून दिलं. मला त्यांना अगं म्हणायला अजूनही जड जातं.

यानंतर जे येतं ते बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. फ्रान्समध्ये विद्यापीठात अर्ज करण्याआधी राष्ट्रीय विद्यापीठ परिषदेकडून पात्रता मिळवावी लागते. परिषदेचे विषयवार, क्रमांक दिलेले विभाग आहेत. बावीस म्हणजे आधुनिक इतिहास, एकोणीस म्हणजे समाजशास्त्र, नऊ म्हणजे फ्रेंच साहित्य. लिंगभाव-अभ्यासाचा क्रमांक नाही. म्हणजे पन्नास वर्षं संशोधन झालं, नियतकालिकं निघाली, ग्रंथालयं भरली, तरी नोकरीच्या कागदावर हा विषय दुसऱ्या कुणाच्या तरी घरात भाड्यानं राहतो. मग प्रत्येक ओळ त्या घरमालकाला चालेल अशी लिहायची. बावीसमध्ये अर्ज करताना 'कामगार', 'मुद्रण', 'तिसरं प्रजासत्ताक' हे शब्द पुढे, 'लिंगभाव' मागे. एका हितचिंतकानं सुचवलं, पंधराव्या विभागात कर अर्ज, तिथे इतर जगातल्या भाषा आहेत, हिंदी शिकवशील. माझी हिंदी ऐकून सांगलीकरही हसतात, हे त्यांना कुठून माहीत असणार.

पात्रता बावीसमध्येच मिळाली. ती चार वर्षं चालते, आणि तेवढ्यात जागा पटकवायची. वर्षभराचे तात्पुरते करार करत मी शिकवत राहिले आणि वसंत ऋतू आला की मुलाखतींना जायचे. स्वतःच्या खर्चानं रेल्वेनं. डब्यात तीच ती माणसं भेटतात, कारण त्या जागेसाठी बोलावलेले आपण सगळेच. एकमेकांना शुभेच्छा देतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. आत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत तुमची सगळी हयात मांडायची. निवड समितीत स्त्री-पुरुष दोन्ही किमान ४० टक्के असावेत असा नियम आहे, म्हणजे समोर बायकाही असतात. त्याचा फायदा होतो असं म्हणवत नाही, वातावरण मात्र सुसह्य असतं.

माझी अडचण वेगळीच होती. इतिहासाच्या जागांसाठी 'आग्रेगास्यों' ही राष्ट्रीय शिक्षक-परीक्षा पास झालेले उमेदवार वरचढ ठरतात. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण समित्या बघतात. आता गंमत अशी की विद्यापीठात प्राध्यापक व्हायला फ्रेंच नागरिकत्व लागत नाही, मी सांगलीचा पासपोर्ट घेऊन सरकारी नोकर होऊ शकते. पण ती परीक्षा द्यायला मात्र फ्रेंच किंवा युरोपीय नागरिक असावं लागतं. म्हणजे दार उघडं, पायरी बंद. हे मी एका समितीसमोर शांतपणे समजावून सांगितलं. अध्यक्षांना ते ठाऊक होतं, बाकीच्यांना नव्हतं.

एका ठिकाणी विचारलं, "पाँडिचेरीवर एखादा अभ्यासक्रम घेता येईल का?" म्हटलं, "मी पाँडिचेरीला गेलेले नाही. तुमच्यापैकी कोणीही तो माझ्याइतकाच चांगला घेईल. लीयाँच्या छापखान्यांवर मात्र मी घेते." जागा मिळाली नाही. या उत्तरामुळेच, असं मी म्हणत नाही; ज्याला मिळाली तो माणूस चांगला होता.

२०२१ च्या फेब्रुवारीत उच्चशिक्षणमंत्री फ्रेदेरिक व्हिदाल यांनी जाहीर केलं की विद्यापीठांत 'इस्लामी-डावेपणा', म्हणजे डाव्यांची इस्लामवाद्यांशी जवळीक, पसरलाय आणि राष्ट्रीय संशोधन संस्थेकडून त्याची चौकशी करून घेऊ. संस्थेनं लगेच उत्तर दिलं की या शब्दाला शास्त्रीय अर्थ नाही. पण त्या गदारोळात लिंगभाव, वंश, वसाहतवाद सगळं एकाच गोणीत कोंबलं गेलं. त्या वसंतातच माझी पश्चिम फ्रान्समधल्या एका विद्यापीठात मुलाखत होती. सावळी बाई, लिंगभावावर काम करते, असं कुणी माझ्याकडे बघत असेल का, ही धाकधूक होतीच. कुणी तसं दाखवलं नाही. त्यांनी विचारलं ते सगळं हजार अक्षरांच्या दराबद्दल, आणि समितीतल्या एका आर्थिक इतिहासकारानं खिळे परत टाकण्यावरून मला चांगलं पेचात पकडलं. इतकं बरं मला कुठल्याच मुलाखतीत वाटलं नव्हतं. ही जागा मिळाली.

आता वर्षाला १९२ तास शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना एकोणिसावं शतक, वरच्या वर्गांना स्त्रियांच्या कामाचा इतिहास. ४ मार्च २०२४ ला व्हर्सायला दोन्ही सभागृहांनी ७८० विरुद्ध ७२ मतांनी गर्भपाताचं स्वातंत्र्य राज्यघटनेत घातलं, त्या आठवड्यात वर्ग तुडुंब होता. मी त्यांना १९२० चा कायदा वाचायला दिला, ज्यानं गर्भनिरोधाचा नुसता प्रचारसुद्धा गुन्हा ठरवला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माझी पणजी तेव्हा जिवंत होती." मग वर्गातले जवळजवळ सगळेच आपापल्या पणज्या-आज्यांबद्दल बोलायला लागले आणि तासाचं नियोजन कोलमडलं. कोलमडू दिलं.

सध्या पुढची पायरी चालू आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी स्वतंत्रपणे घ्यायचे आणि पुढे पूर्ण प्राध्यापक व्हायचं तर आणखी एक पदवी लागते. तिच्यासाठी जुने लेख, एक नवं अप्रकाशित पुस्तक, आणि शिवाय आपल्या अभ्यासाचा प्रवास सांगणारं एक आत्मकथन द्यावं लागतं. फ्रेंच इतिहासकारांना या प्रकाराची सवय आहे. १९८७ मध्ये पिएर नोरा यांनी नामवंत इतिहासकारांकडून अशी आत्मकथनं लिहून घेतली तेव्हापासून ती रीतच पडली. पुस्तक एमा कुरियोवर आहे. आत्मकथन मात्र अडलंय. माझी कागदपत्रं तपासणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकबाईंचं म्हणणं, काकूंना तळटिपेतून वर काढ, पहिल्याच पानावर आण. मी म्हणते, छापखान्याचा सगळा तपशील येऊ दे, पण काकू सजावट म्हणून नकोत. यावर दोन मसुदे होऊन गेलेत. तोवर उन्हाळ्याच्या सुट्टीत लीयाँला जाऊन युनियनच्या सभांची इतिवृत्तं वाचायची आहेत. खोली बुक केलीय, आणि तिथल्या अभिलेखागारात लॅपटॉपला प्लग आहे की नाही हे विचारणारा ईमेल पाठवलाय.